बकेटमध्ये फोल्डर नसतो, काका

मंडळी, आजचा लेख थोडा टेक्निकल आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी मधले दोन-चार परिच्छेद गाळून पुढे जावं, राग नाही :) पण ज्यांच्या घरी जुने फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रं, सोसायटीची फाइल असलं काही कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर पडलेलं आहे, त्यांनी वाचाच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायचं असेल तर सुरुवातीपासून भांडता येईल. डेस्कटॉपच्या फाइल मॅनेजरला क्लाउडवरची बकेट जोडता येते आणि जोडावीही. पण ती बघण्यापुरती जोडावी. सामान आत टाकायचा रस्ता वेगळा ठेवावा. 'एक्स ड्राइव्ह' म्हणून ती घरच्यांच्या हातात देणं आणि "आता हे डी ड्राइव्हसारखंच वापरा हं" म्हणून सांगणं, हा मला सरळ सरळ खोटेपणा वाटतो.

आता संदर्भ. माझे काका डोंबिवली पश्चिमेला एका चार मजली इमारतीत राहतात आणि गेली बरीच वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. (सेक्रेटरी होणं सोपं असतं, सुटणं अवघड. ज्यांच्या घरात कुणी सेक्रेटरी आहे त्यांना कळेल.) सोसायटी १९८१ ची. म्हणजे कल्याण-डोंबिवली महानगरपालिका व्हायच्या आधीची. महापालिका झाली १९८३ साली. त्यामुळे इमारतीच्या मंजूर नकाशावर शिक्का आहे तो नगरपालिकेचा. हे सगळे कागद पूर्वी जिन्याखालच्या लोखंडी कपाटात असायचे. २६ जुलै २००५ ला त्या कपाटाचे खालचे दोन खण पाण्यात गेले. काकांनी आणि शेजारच्या दोघांनी ते कागद पंख्याखाली दोरीवर वाळत घातले होते. त्यातले काही अजून वाचता येतात, काहींवर फक्त शाईचे ढग आहेत.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या जुन्या कागदांचं करायचंय काय? तर इमारत रीडेव्हलपमेंटला चालली आहे. डोंबिवलीत निम्म्या इमारती एक तर रीडेव्हलपमेंटला गेल्यात, नाही तर जायच्या वाटेवर आहेत. आणि त्या वेळी प्रत्येक कागदाला किंमत येते. मंजूर नकाशा, एनएचा आदेश, भोगवटा प्रमाणपत्र, सातबारा, आय रजिस्टर, जे फॉर्म, शेअर सर्टिफिकेटांच्या नोंदी, डीम्ड कन्व्हेयन्सची फाइल, शिवाय चाळीस वर्षांची सभांची इतिवृत्तं. बिल्डर एक क्षेत्रफळ सांगतो, सभासद दुसरं सांगतो आणि कागद तिसरंच. याच महापालिकेच्या हद्दीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण तुम्ही वाचलं असेल. बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवलेल्या त्या इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. ज्यांनी आयुष्यभराची पुंजी घालून घरं घेतली ते लोक रस्त्यावर यायची वेळ. तेव्हापासून काकांच्या पिढीला कागद म्हटलं की घाम फुटतो, आणि ते बरोबरच आहे.

तर गेल्या वर्षी काकांनी सगळं स्कॅन करून घेतलं. साडेतीन हजारांच्या आसपास फायली, सगळ्या मिळून ४० जीबी. एक प्रत घरातल्या लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि एक क्लाउडवर, असं ठरलं. क्लाउडवर म्हणजे एस३ पद्धतीच्या बकेटमध्ये. कुठल्या कंपनीची बकेट ते महत्त्वाचं नाही, आता डझनभर कंपन्या त्याच पद्धतीने देतात.

"गूगल ड्राइव्ह का नाही?" हा प्रश्न येणारच. प्रामाणिक उत्तर असं की बहुतेक घरांसाठी ड्राइव्हच बरं. पण ते खातं एका माणसाचं असतं. १५ जीबी फुकट मिळतात, त्यातच त्याची मेलं असतात, त्याचे फोटो असतात. उद्या सेक्रेटरी बदलला की सोसायटीचे कागद कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोंशेजारी राहून जाणार. बकेटचं तसं नाही. बकेट सोसायटीची, आणि तिच्या किल्ल्या हव्या तितक्या: एकाला फक्त वाचायची, एकाला टाकायची, काढून टाकायची कुणालाच नाही. आणि खर्च? ॲमेझॉनच्या मुंबई रीजनचा साधा दर धरला तर एका जीबीला महिन्याला अडीच सेंट. म्हणजे दोन-सव्वादोन रुपये. ४० जीबीचे जीएसटी धरून महिन्याला शंभरेक रुपये. सोसायटीच्या मीटिंगला यापेक्षा जास्त रुपयांचा चहा होतो.

इथपर्यंत सगळं छान. घोळ पुढे आहे.

काकांना ब्राउझरमधलं ते बकेटचं पान दाखवलं, तर ते म्हणाले, "अरे, हे कुणासाठी केलंय? मला माझ्या कॉम्प्युटरमध्ये फोल्डर दिसला पाहिजे." आणि त्यांचं अजिबात चुकलं नव्हतं. क्लाउड कंपन्यांची ती पानं इंजिनिअरांनी इंजिनिअरांसाठी बनवलेली आहेत. माणसाला फाइल मॅनेजर कळतो. गेली तीस वर्षं आपण त्याला तेच तर शिकवलं: पिवळा फोल्डर, त्यात दुसरा पिवळा फोल्डर, त्यात फाइल.

आणि दूरचं सामान फाइल मॅनेजरमध्ये आणायची हौस काही नवी नाही. आमच्या कॉलेजच्या दिवसांत कॉन्करर उघडून वर एफटीपीचा पत्ता टाकला की पलीकडच्या सर्व्हरवरच्या फायली आपल्याच असल्यासारख्या दिसायच्या, तेव्हा काय भारी वाटायचं! विंडोजमध्ये 'वेब फोल्डर' होते. २००५ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये फ्यूज आलं आणि कुठल्याही गोष्टीला फाइल सिस्टिमचा मुखवटा चढवता येऊ लागला. २००८ मध्ये ग्नोमने जीव्हीएफएस आणलं. पण या सगळ्यात एक गोष्ट समान होती. पलीकडे जे होतं ते खरोखरच फोल्डरवालं होतं. एफटीपीला नाव बदलायची स्वतंत्र आज्ञा आहे. वेबडॅव्हला 'मूव्ह' आहे, 'लॉक' आहे. म्हणजे मुखवटा आणि चेहरा साधारण सारखेच.

ॲमेझॉनने १४ मार्च २००६ ला एस३ सुरू केलं, आणि तिथे चेहराच वेगळा आहे.

मोठ्या जंक्शनवर क्लोकरूम असतो ना, तो डोळ्यांसमोर आणा. तुम्ही बॅग देता, पावती घेता. पावती दाखवली की बॅग परत. बस. तिथल्या माणसाला तुम्ही "त्या बॅगेतला निळा शर्ट काढून पांढरा ठेव" असं सांगू शकत नाही. शर्ट बदलायचा तर अख्खी बॅग बाहेर घ्या, बदला, पुन्हा जमा करा. आणि पावतीवरचं नाव बदलायचं असेल? तेही होत नाही. नवी पावती करा, तशीच बॅग नव्या पावतीवर ठेवा, जुनी रद्द करा.

ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणजे हाच क्लोकरूम. आत फोल्डर नाहीत. 'इतिवृत्त/१९९४/ऑगस्ट.पीडीएफ' हे तीन पायऱ्यांवरचं ठिकाण नाही, ते एकच एक लांबलचक नाव आहे, आणि त्यातल्या तिरक्या रेघा ही नावातलीच अक्षरं आहेत. फाइल मॅनेजर ती रेघ बघतो आणि स्वतःच्या मनाने पिवळा फोल्डर काढून दाखवतो. चित्र म्हणून ठीक आहे. पण माणूस त्या चित्रावर राइट क्लिक करतो.

काकांनी केलं. त्या वेळी आम्ही एक फुकटचं टूल वापरून बकेट फाइल मॅनेजरमध्ये जोडली होती. एक फोल्डर होता 'जुने कागद' नावाचा, त्यात बाराशेच्या आसपास फायली. काकांनी त्याचं नाव 'सन १९८१ ते १९९५' असं केलं. डी ड्राइव्हवर हे काम डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं, कारण तिथे खरोखर एकाच ठिकाणची एकच नोंद बदलायची असते. इथे बाराशे बॅगा, बाराशे नव्या पावत्या. त्यात ते टूल इतकं भोळं की बकेटला "आतल्या आत कॉपी कर" असं सांगायच्या ऐवजी प्रत्येक फाइल घरी उतरवून पुन्हा चढवत होतं. १३ जीबी खाली, १३ जीबी वर. घरच्या कनेक्शनचा वर जाण्याचा वेग धरला तर दीड तासाचं काम, आणि पडद्यावर काय, तर फिरणारं चक्र. अर्ध्या वाटेत वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर होता, तो चालू राहिला. राउटर गेला.

वीज आल्यावर दिसलं ते असं: नव्या नावाच्या फोल्डरमध्ये निम्म्या फायली, आणि 'जुने कागद' डाव्या बाजूच्या यादीतून गायब. तो फोल्डर खरं तर होता, पण टूलने आपल्या मनाशी धरून ठेवलेली यादी जुनीच होती, आणि त्या यादीप्रमाणे तो 'बदलून झाला' होता. मंजूर नकाशा उरलेल्या निम्म्यात. चार दिवसांवर बिल्डरबरोबरची सर्वसाधारण सभा. काका दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. काकूने मला ठाण्याला फोन करून सांगितलं, "अरे, ते जेवत नाहीयेत नीट, तू ये बघू." कारण घरातल्या हार्ड डिस्कवर प्रत आहे हे माहीत असूनही, एकदा २००५ बघितलेल्या माणसाला 'निम्मं गेलं' या वाक्याचा अर्थ वेगळाच लागतो.

गेलं काहीच नव्हतं. ब्राउझरमधून बघितलं तर दोन्ही नावांनी मिळून बाराशेच्या बाराशे हजर. पण हे कळायला इंजिनिअर लागला, आणि यालाच माझा आक्षेप आहे. काकांनी कुठलंही चुकीचं बटण दाबलं नव्हतं. फाइल मॅनेजरने त्यांना जे चित्र दाखवलं त्यावर विश्वास ठेवून त्यांनी एक अगदी साधं काम केलं. त्या चित्राने सांगायला हवं होतं की "काका, हा फोल्डर नाही."

बरं, नाव बदलणं तरी माणूस क्वचित करतो. 'सेव्ह' रोज करतो. वर्ड किंवा लिबरऑफिससारखे प्रोग्रॅम फाइल सेव्ह करताना थेट तिच्यावर लिहीत नाहीत. आधी तात्पुरत्या नावाने नवी फाइल, मग जुनी बाजूला, मग नवीचं नाव बदलून जुन्याच्या जागी. मधेच वीज गेली तरी काहीतरी धड शिल्लक राहावं म्हणून केलेली शहाणी योजना आहे ही. स्वतःच्या डिस्कवर. बकेटवर तिचं काय होतं बघा: एक अपलोड, एक कॉपी, एक डिलीट, पुन्हा कॉपी, पुन्हा डिलीट. लिबरऑफिस शिवाय शेजारी एक लॉकची फाइल टाकतं, म्हणजे दुसऱ्याने तीच फाइल उघडली तर त्याला कळावं. पण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जोडणी करणारं टूल बकेटची यादी काही मिनिटं मनात धरून बसलेलं असतं, त्याला ते लॉक दिसतच नाही. खजिनदार आणि सेक्रेटरी दोघांनी एकाच वेळी थकबाकीची यादी उघडली, की जो शेवटी सेव्ह करेल त्याचं खरं. पहिल्याचं काम गेलं, आणि कुणी हूं की चूं करत नाही. 'या नावाचं आधीच काही असेल तर लिहू नकोस' एवढं साधं सांगायची सोय एस३ मध्ये यायला ऑगस्ट २०२४ उजाडला. अठरा वर्षं! (हा टोमणा नाही. ते यंत्र त्या कामासाठी बनवलेलंच नव्हतं.)

अजून एक गंमत, आपल्या मराठी लोकांसाठी खास. फायलींची नावं मराठीत द्यावीत असा माझा आग्रह असतो, काकांचाही. पण नाव देवनागरीत आलं की या मुखवट्याच्या शिवणी उसवायला लागतात. 'दुसऱ्या मजल्याची गळती' यातला 'ऱ्या' घ्या. तो युनिकोडमध्ये निदान तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, 'ऱ' हे तयार अक्षर. दोन, साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता. तीन, 'र' ला हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. कीबोर्ड कुठला यावर कुठली तऱ्हा पडते ते अवलंबून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. जुनी मॅकची फाइल सिस्टिम तर नावं स्वतःच फोडून ठेवायची, म्हणजे पहिल्या तऱ्हेचं दुसऱ्या तऱ्हेचं व्हायचं. आणि बकेट? बकेटला अक्षर कळतच नाही, तिला फक्त बाइट्स कळतात. बाइट्स वेगळे म्हणजे नाव वेगळं. त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये 'दुसऱ्या मजल्याची गळती' दोनदा दिसते, दोन्ही हुबेहूब, आणि त्यातली एक उघडली तर २०१७ ची. काका म्हणतात, "हे भूत आहे." मी म्हटलं, काका, नुक्ता आहे.

लांबीचंही तसंच. देवनागरीच्या एका चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात, काना-मात्रा-वेलांटी प्रत्येकी वेगळी मोजून. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमला एका नावात २५५ बाइट चालतात, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोज बाइट मोजत नाही, तिथे चिन्हंच २५५ चालतात. बकेटमध्ये सगळ्या रेघांसकट १०२४ बाइट. आता काकांच्या हातची एक फाइल बघा: 'दिनांक १४ ऑगस्ट १९९४ रोजी झालेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त व त्यास जोडलेली उपस्थितांची सही-यादी'. काकांच्या विंडोजवर सुखाने राहते, बकेटमध्ये सुखाने चढते, आणि माझ्या लिनक्सवर नाव फार लांब म्हणून उघडत नाही. इंग्रजीत हेच नाव दिलं असतं तर कुणालाच काही कळलं नसतं. ही टूल्स लिहिणाऱ्यांनी कधी मराठी इतिवृत्त बघितलेलं नाही, एवढाच याचा अर्थ.

तर मग करायचं काय?

इथे मला ॲमेझॉनचंच एक उदाहरण फार आवडतं. त्यांनी २०२३ मध्ये स्वतःचं जोडणीचं टूल काढलं, लिनक्ससाठी, माउंटपॉइंट नावाचं. त्यात आधीच्या फाइलमध्ये मधेच बदल करायची सोय ठेवलेलीच नाही, आणि नेहमीच्या बकेटमध्ये फोल्डरचं नावही बदलता येत नाही. जे खाली होत नाही ते वर होतंय असं दाखवायचं नाही, सरळ 'नाही' म्हणायचं. लोक कुरकुरले, पण मला ते प्रामाणिक वाटतं.

काकांकडे आता आम्ही जे केलंय ते असं. आरक्लोन नावाचं एक मुक्त टूल आहे, निक क्रेग-वुड यांनी सुरू केलेलं. ते विंडोजवर विनएफएसपीच्या मदतीने बकेट ड्राइव्हसारखी जोडतं. ती जोडणी आम्ही फक्त वाचण्यापुरती केली. काका हवा तो नकाशा उघडू शकतात, प्रिंट काढू शकतात, मेलला जोडू शकतात. नाव बदलायला गेले तर विंडोज स्वच्छ 'नाही' म्हणतं. किल्लीही वाचण्यापुरतीच आहे, म्हणजे जोडणी करताना कुणी सेटिंग विसरलं तरी बकेट ऐकणार नाही. नवे कागद टाकायला डेस्कटॉपवर 'आवक' नावाचा एक साधा खराखुरा फोल्डर आहे. रात्री आरक्लोन त्यातलं नवं सामान वेगळ्या किल्लीने बकेटमध्ये नेतं. तिथे 'कॉपी' ही आज्ञा वापरली आहे, 'सिंक' नाही. हा फरक लक्षात ठेवा मंडळी. सिंक म्हणजे इकडचं उडालं की तिकडचंही उडवणार, आणि बॅकअपसाठी ती चोरवाट झाली. सोबत बकेटचं व्हर्जनिंग चालू. ही सोय एस३ मध्ये २०१० पासून आहे: नव्या प्रतीने जुनी पुसली जात नाही, खाली राहते. 'आवक' हा शब्द काकांनी सुचवला. आवक-जावक रजिस्टर आयुष्यभर सांभाळलेल्या माणसाला तो लगेच कळला, 'अपलोड' कळला नव्हता.

यातली खरी सोय कुठली म्हणाल, तर 'पोचलं की नाही' हे कळणं. लिहिण्यासाठी जोडलेल्या ड्राइव्हमध्ये सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे ती हिरवी पट्टी. तुम्ही ५०० एमबीची फाइल ओढून टाकता, पट्टी सर्रकन भरते, तुम्ही लॅपटॉप मिटून ८:२३ पकडायला पळता. प्रत्यक्षात फाइल तुमच्याच डिस्कवरच्या तात्पुरत्या जागेत गेलेली असते. आरक्लोनची लिहिण्याची कॅशे चालू असली तर ते फाइल बंद झाल्यावर पाच सेकंद थांबतं आणि मग कुठे अपलोडला सुरुवात करतं. पुढच्या वेळी त्याच सेटिंगने सुरू केलं तर राहिलेलं काम ते पुन्हा हाती घेतं, हे त्याचं चांगुलपण. पण तोवर फाइल मॅनेजर 'झालं' म्हणून मोकळा. ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सवाल्यांनी निदान आयकॉनवर हिरवी खूण तरी दिली. बकेटच्या जोडणीत ती बहुतेक ठिकाणी नाही. माझं फाइल मॅनेजर बनवणाऱ्यांकडे एकच मागणं असेल तर हे: नाव, आकार, तारीख या रकान्यांशेजारी अजून एक रकाना द्या, 'निघालं' आणि 'पोचलं' असा. आमच्या 'आवक' फोल्डरमध्ये मी तो गावठी पद्धतीने केलाय. पोचलेली फाइल 'पोचलेले' नावाच्या फोल्डरमध्ये सरकते. सकाळी काका बघतात आणि समाधानाने चहा घेतात.

थंबनेलचं राहिलं. फाइल मॅनेजरला सवय असते, फोल्डर उघडला की प्रत्येक फाइलच्या पोटात डोकावून छोटं चित्र काढायची. फ्यूजसारख्या मार्गाने जोडलेली बकेट त्याला अनेकदा लोकल डिस्कच वाटते. मग तीनशे नकाशांचा फोल्डर नुसता उघडला की तीनशे फायली खाली उतरायला लागतात. बाहेर येणाऱ्या डेटाचे पैसे पडतात (ॲमेझॉनकडे महिन्याला पहिले १०० जीबी फुकट आहेत, पण सगळीकडे तसं नाही). त्या फोल्डरपुरतं चित्रं बंद करा, 'तपशील' असा साधा देखावा ठेवा.

काकांना एकदा विचारायचं होतं की हा क्लाउड नेमका असतो कुठे. मी म्हटलं, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशीला जाताना ऐरोली, रबाळे लागतं ना, त्या एमआयडीसीच्या पट्ट्यात बघा, खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारती आणि बाहेर जनरेटरच्या रांगा. तसल्या इमारतींत असतो. काका म्हणाले, "म्हणजे आपल्याच जिल्ह्यात?" त्यांना एकदम बरं वाटलं. मला मात्र नाही वाटलं, कारण पूर येणार तो त्याच पट्ट्यात, वीज जाणार ती त्याच ग्रिडवरची. अर्थात ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये, जो जून २०१६ मध्ये सुरू झाला, साध्या वर्गातली प्रत्येक फाइल तीन वेगवेगळ्या केंद्रसमूहांत ठेवली जाते. तरी बाहेरची हार्ड डिस्क काकांच्या मुलीकडे पुण्याला पाठवली आहे. ती वर्षातून दोनदा येते-जाते, गौरी-गणपतीला आणि मे महिन्यात.

आता एकच गोष्ट अडलेली आहे आणि ती टेक्निकल नाही. बकेटचं मूळ खातं काकांच्या मोबाइल नंबरवर आहे, ओटीपी त्यांच्याच फोनवर येतो. कमिटीची मुदत पाच वर्षांची, ती पुढच्या वर्षी संपते. तोवर खातं सोसायटीच्या नावाच्या ईमेलवर न्यायला हवं, त्याचा ठराव व्हायला हवा, आणि मुख्य किल्ली कागदावर छापून बंद पाकिटात सोसायटीच्या बँकेच्या पासबुकाबरोबर ठेवायला हवी. येत्या कमिटी मीटिंगच्या अजेंड्यावर 'बकेटची किल्ली' हा विषय क्रमांक चार आहे. विषय क्रमांक तीन पाण्याच्या टाकीचा आहे, त्यामुळे त्या रात्री चारपर्यंत पोचतील याची मला खात्री नाही.